मुठीचं गाडगं

लातूर जिल्हा वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती, आणि नव्या कचेरीच्या वाट्याला आला तो दुष्काळ. उदगीरहून जळकोटच्या बाजूला पाण्याचे टँकर जात. त्यातला एक सामेल चालवायचा. उंच, जरासा वाकलेला, बोलायला कंजूष माणूस. नाताळला नवा सदरा घालून चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचा आणि तेवढ्यावर आपलं देवाशी भागतं, असं मानायचा.

त्याचे वडील संगप्पा वस्त्यावस्त्यांवर प्रार्थना घेत हिंडणारे उपदेशक. लोक त्यांना मास्तर म्हणत. ख्रिस्ती घरांतल्या बाया दळण घेताना एक मूठ ज्वारी देवाची म्हणून गाडग्यात टाकत. गाडगं भरलं की ते मास्तरांच्या घरी जाई. सामेलचं बालपण त्या मुठींवर गेलं. पांढरी, पिवळी, किडकी, दहा घरची ज्वारी एकत्र. आईच्या भाकरीला कधी एक रंग आला नाही. शाळेतली पोरं त्याला ‘मुठ्या’ म्हणत. एका वस्तीवरून पायी परतताना संगप्पा उन्हात पडले ते उठले नाहीत. त्यानंतर सामेलने बापाचं बायबलचं पुस्तक फडक्यात बांधून फळीवर ठेवलं आणि स्टिअरिंग धरलं.

होनवाडी त्याच्या फेरीत आली ती उन्हाळ्याच्या तोंडाला. टँकरचा पाइप विहिरीत सोडून तो उभा होता, तेव्हा नागम्मा नावाची म्हातारी जवळ आली.

“संगप्पा मास्तरचे का तुमी?”

“हाव.”

“तोंडावळा तोच. ते गेल्यावर कोणी आलंच न्हाई बघा. आमच्या नातवंडांना प्रभूची प्रार्थना येत न्हाई. दोन शबूद बोला की.”

नाही म्हणायला वेळ लागला असता, म्हणून सामेलने प्रार्थना म्हटली. टाकी रिकामी होईपर्यंत तीही संपली.

पण पुढच्या खेपेला पदर सावरून सगळी ओळच उभी. नागम्माची चार घरं ख्रिस्ती होती. बाकीच्या बायांना वाटलं, पाण्याबरोबर हेही असतं. त्यांनीही हात जोडले. हे चुकतंय, हे सामेलला कळलं. तरी तो म्हणत राहिला. थांबणं त्याला जमेना.

गावात गुरुपादप्पांचं किराणा दुकान होतं. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि जीभ सुपारीच्या अडकित्त्यासारखी. सामेल तिथे चहाला थांबायचा.

“काय मास्तर,” गुरुपादप्पा म्हणाले, “नळीला आता देव बी लागला म्हण की.”

“मास्तर नका म्हणू अप्पा.”

“तुझा बाप माझ्या ओसरीवर बसून पाणी प्यायचा. भला माणूस. पण त्यानं कधी कोणाला पाणी देऊन हात जोडायला लावलं न्हाई.” कपबशी पुढे सारत ते हळू म्हणाले, “पाणी सरकारचं, देव तुझा. दोन्ही एका नळीतून सोडू नको. उद्या कोणी वर अर्ज केला तर टँकर जाईल, अन् पाण्याविना मरतील हेच लोक.”

सामेल चहा न पिताच उठला. अप्पा खरं बोलत होते, हेच त्याला जास्त लागलं.

त्याच दुपारी नागम्माने गाडगं आणलं. अर्ध्याहून जास्त भरलेलं.

“एवढी वर्षं टाकून राहिलो. कीड लागली की चिमण्यांना, भिकाऱ्यांना घालतो, पुन्हा नवी टाकतो. न्या.”

“दुष्काळात मूठ टाकता?”

“मूठ बारकी झाली. बंद न्हाई झाली.”

गाडगं नेणं म्हणजे वस्ती पदरात घेणं, हे सामेलला कोणी सांगायची गरज नव्हती. त्याने टँकर सुरू केला आणि मागे न बघता निघाला.

पुढच्या खेपेला तो तोंड मिटून उभा राहिला. ओळीतल्या एका बाईने घाबरून विचारलं, “आज मंतर न्हाई? पाणी कमी येईल का हो?” त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गप्प राहिलं की काम संपेल असं त्याला वाटलं होतं. उलट झालं. माळवस्तीवर पाइप सोडताना त्याला वाटू लागलं, या चिंचेखाली दहा माणसं बसतील. पलीकडच्या वाडीत तर संगप्पाही कधी पोचले नव्हते. तिथली पडकी भिंत तो पुन्हा पुन्हा बघायचा. चर्च कुठे उभं राहील ते डोळा आपोआप शोधायचा आणि त्याला स्वतःचाच राग यायचा.

बायकोला, रत्नम्माला, त्याने एकदा जेवताना सगळं सांगितलं.

“मग पाणी नेऊ नका,” ती म्हणाली. “सुटीला नुसते जा. कोण थांबतं ते कळंल.”

“कोणीच न्हाई थांबलं तर?”

“तर ते बी कळंल.”

रविवारी तो एसटीने जळकोटला उतरला आणि वडील पडले त्याच वाटेने चालत होनवाडीला गेला. त्याला बघून बाया घागरी घेऊन विहिरीकडे धावल्या.

“टँकर बिघडला का?”

“न्हाई. आज पाणी न्हाई. मी नुसता आलोय.”

“नुसतं येऊन काय करायचं बाबा?” एकजण म्हणाली. दोघी हसल्या आणि घागरी परत गेल्या. सामेलला हलकंही वाटलं आणि एकटंही.

लिंबाखाली नागम्मा, तिची सून, शेजारचं एक घर आणि पोरं उरली. चार ख्रिस्ती घरांतली दोन टँकरविना आलीच नव्हती. नागम्माने गाडगं पुढे ठेवलं. सामेलने पिशवीतून रत्नम्माने बांधून दिलेली ज्वारी काढली आणि त्यात ओतली.

“मास्तर मूठ घेत असतो, टाकत नसतो,” नागम्मा नाराज होऊन म्हणाली.

“हे गाडगं हितंच राहू द्या. ज्याची चूल पेटणार न्हाई, त्यानं काढावं. मग तो कोणत्या बी घरचा असो.”

“मग तुमी काय खाणार?”

“टँकर हाय की.”

“अन् पाऊस पडल्यावर?”

पाऊस पडल्यावर टँकर बंद होणार होते. सामेलने पिशवीतून बापाचं पुस्तक काढलं. त्याने फडक्याची गाठ सोडायला घेतली. इतक्या वर्षांची गाठ, सुटता सुटेना. शेवटी नागम्माच्या सुनेने ती दातांनी सोडवून दिली, आणि पोरं पुस्तक बघायला पुढे सरकली.