आईचा गच्चीवरचा सेन्सर

बँकेतून निवृत्त झाल्यावर आईने मायक्रोकंट्रोलर, म्हणजे सेन्सरचे आकडे वाचणारा चिपएवढा संगणक, शिकायला घेतला, तो उकाड्यापायी. लालबागला आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. उन्हाळ्यात स्लॅब असा तापायचा की संध्याकाळी स्वयंपाकघरात उभं राहवत नसे. गच्चीला पांढरा रंग लावा, असं आई सोसायटीच्या सभेत सांगायची. पहिल्या मजल्यावर राहणारे सेक्रेटरी म्हणायचे, मुंबईत सगळीकडेच गरम होतं. शेवटी आईने ठरवलं की बाहेर सावलीत किती आणि आपल्या छताखाली किती, हे मोजूनच दाखवायचं.

प्रोग्राम लिहिणं ही माझी नोकरीच, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. एक सेन्सर स्वयंपाकघरात छताखाली लावला. गच्चीवरचा सेन्सरही मीच आणला, पांढऱ्या जाळीचा, तापमानाबरोबर दमटपणा सांगणारा. खाऱ्या हवेत थोड्याच दिवसांत त्याच्या पायांवर हिरवट थर चढला आणि आकडे भरकटले. आपल्याला दमटपणा हवाय कशाला, एवढंच आईने विचारलं. खरं तर नकोच होता.

पुढच्या वेळी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ती स्वतः आली आणि स्टीलच्या टोपीतला, लांब केबलचा सेन्सर निवडला. दुकानदाराने वॉटरप्रूफ म्हणून दिला होता. ऐन पावसाळ्यात एका सकाळी स्क्रीनवर उणे एकशे सत्तावीस अंश दिसले, म्हणजे सेन्सर उत्तरच देत नव्हता. केबल जिथे टोपीत शिरते तिथला गोंद सुटून पाणी आत गेलं होतं.

नवा आणला. बाथरूमसाठी आणलेलं सिलिकॉन घरात होतं, तेच मी त्या तोंडाशी भरणार होतो. आईने ट्यूब हातात घेऊन हुंगली.

"व्हिनेगरचा वास येतोय. आंबट लागलं की तांबं खाल्लं जातं. आतल्या तारा तांब्याच्याच ना?"

मी शोधून पाहिलं. तिचं बरोबर होतं. बिनआम्लाचं सिलिकॉनही मिळतं, ते आणलं. आईने ते तोंडाशी नीट भरलं, सुकल्यावर त्यावर आतून गोंद असलेली, उष्णतेने आकसणारी नळी सरकवली आणि ती गरम करून आवळली. मग सेन्सर बरणीभर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवला. बुडवण्याआधी आणि काढल्यावर बर्फाच्या पाण्यात तपासला. दोन्ही वेळा आकडा शून्याजवळच. ऊन थेट लागू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पांढऱ्या बशा उपड्या, मध्ये फटी ठेवून, एकावर एक बसवल्या आणि त्यांच्या आत तो टांगला. इतक्या निगुतीने काम करताना मी ऑफिसात कुणाला पाहिलेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तिने सेक्रेटरींना संध्याकाळी चहाला बोलावलं आणि मुद्दाम स्वयंपाकघरात बसवलं. बाहेरची हवा निवली होती, छताखालचा आकडा मात्र चढाच होता. घाम पुसत त्यांनी विचारलं, यंत्र चुकत नसेल कशावरून? आईने वाद घातला नाही. मला गच्चीवरचा सेन्सर खाली आणायला लावला आणि दोन्ही सेन्सर बर्फाच्या एकाच पेल्यात सोडले. आकडे सोबत उतरत शून्यापाशी थांबले.

चहा संपवून ते म्हणाले, "वहिनी, पुढच्या सभेत हा विषय मीच मांडतो."

त्यांनी मांडलाही. गच्ची पांढरी झाली आणि संध्याकाळचा स्वयंपाक सुसह्य झाला.

हल्ली फणसवाडीतल्या तिच्या मैत्रिणीला गच्चीवरच्या कुंड्यांसाठी असाच सेन्सर हवा आहे. काल फोनवर आई तिला विचारत होती, पाऊस तुमच्या गच्चीवर कुठल्या बाजूने झोडपतो? केबलचं तोंड त्या बाजूला नको.