कोंसूबाई आणि वाडीतली विहीर

शाळेच्या स्मरणिकेत माणूस प्रेमळ आणि मनमिळाऊ असावा लागतो. कोंसूबाई मनमिळाऊ नव्हत्या. भांडायच्या, आणि मुद्देसूद भांडायच्या. त्यांना गोड करून लिहिणं मला जमणार नाही.

शिरगावात ख्रिस्ती घरं मोजकीच. त्यातल्या एका घरातली ही बाई लुगडं नेसून, गळ्यात क्रूस घालून आमच्या शाळेत इतिहास शिकवायची. मी शेजारच्या वर्गात मराठी. मधली भिंत नावालाच, त्यामुळे तिचा इतिहास मला फुकट ऐकायला मिळाला.

दमण पोर्तुगीजांच्या हातून सुटलं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या लेकीचं, इजाबेलचं लग्न ठरलं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वाजतगाजत विहिरीवर जायचं, 'उंबराचं पाणी' म्हणतात ते आणायचं आणि त्यानं नवरीला न्हाऊ घालायचं, ही त्यांची रीत. आमच्या वाडवळांच्या लग्नातही असं पाणी आणतात. विहीर गोजराबाईच्या वाडीत, पण भरायचा सगळा गाव. आम्ही बायका हंडे घेऊन निघालो. पुढे चिंधूचा बाजा.

विहिरीवर कमलाकांत उभा. गोजराबाईचा पुतण्या, कोंसूबाईंचा विद्यार्थी, मुंबईच्या कॉलेजातून सुट्टीला आलेला. बरोबर त्याचे मित्र.

"बाई, पाणी इथून नको."

"का रे?"

"हीच ती विहीर. फिरंग्यांनी पाव टाकला, पाणी प्यायले ते बाटले. तुम्हीच शिकवलंत. देवळं पाडली, माणसं बाटवली. आता कुठे दमणातून त्यांना हाकललं, आणि त्यांचा धर्म इथं वाजतगाजत यायचा?"

या बाजूला प्रत्येक गाव अशी एक विहीर दाखवतं. खरी कुठली, कुणाला ठाऊक. पण बाजा थांबला. घरी इजाबेल पाटावर बसून होती. पाण्याशिवाय न्हाण नाही, आणि न्हाणाशिवाय पोरीला नवरी कोण म्हणणार?

कोंसूबाईंनी हंडा कठड्यावर ठेवला.

"देवळं पाडली, खरं. बाटवलं, तेही खरं. धडा पाठ आहे तुझा. पण अर्धाच. पाव फिरंग्यानं टाकला. पाणी प्यालेल्यांना घरात घ्यायचं नाही, हे कोणी ठरवलं? तो दार लावायला आला नव्हता. दारं तुझ्या-माझ्या पूर्वजांच्या भावकीनं लावली. तेव्हा आत घेतलं असतं, तर आज मी कोंसू नाही, गंगू असते."

"म्हणजे दोष आमचा?"

"दोष वाटायला नाही आले. पाणी न्यायला आले. फिरंगी गेला म्हणतोस ना? मग त्याचं उरलेलं काम तू कशाला पुरं करतोस?"

कमलाकांत सहजी गप्प बसणारा नव्हता. "बरं, पाणी न्या. निदान हा फिरंगी बाजा तरी नको."

चिंधू म्हणाला, "दादा, तुमच्या ताईच्या लग्नाला ह्योच वाजवला व्हता."

मित्रांतला एक हसला. तेवढ्यात गोजराबाई गोठ्यातून हात पुसत आली. सगळं ऐकलं होतं तिनं.

"कमळ्या, तुज्या बहिनीच्या पान्याचा पयला हंडा कोनी उचलला? हिनंच. तवा नाय बाटली ती पोर?"

"काकी, ते वेगळं."

"काय येगळं? धर दोर. हात मोकळंच हायत तुजे."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. आणि दोर धरला. पहिली कळशी वर आली ती हिंदकळत.

"सांडू नकोस," कोंसूबाई म्हणाल्या. "शाळेतही शाई सांडायचास."

त्यानं सगळे हंडे भरले. बाजा पुन्हा सुरू झाला, आणि आम्ही आलो तशाच वाजतगाजत परत गेलो. मी हंडा घेऊन कोंसूबाईंच्या मागून चालत होते. पाणी मानेवर ओघळत होतं, आणि ही बाई आपल्या शाळेची आहे, याचा मला इतका ताठा चढला होता की मान हलवून पुसलंही नाही.

या स्मरणिकेचा संपादक कमलाकांतच आहे. त्याला विहिरीची गोष्ट गाळायची असेल तर गाळावी. त्या जागी 'प्रेमळ' मात्र घालू नये.