हजेरीपटाची उजवी बाजू

त्या दिवशी खोलीत होतो ते सगळे आधी सांगते. मी, माझी सून वैशाली, माझी धाकटी जाऊ आणि त्या जावेचा भाऊ. आमचे हेसुद्धा होते, पण भिंतीवर, हार घातलेल्या फोटोत. यातला जावेचा भाऊ म्हणजे काय माणूस होता तेवढं सांगायला बसलेय. घोडपदेव ते प्रभादेवी एवढ्या पट्ट्यात गेलेली वस्तू परत आणणारा त्याच्यासारखा दुसरा झाला नाही आणि आता होणार नाही. वस्तू म्हणजे भांडी, चपला नव्हेत. स्वतःचा चष्मा तर तो दिवसातून तीनदा हरवायचा आणि सापडायचा तो कपाळावरच. तो शोधायचा फक्त कॉम्प्युटरातली पत्रं. मेल गेले, फाईल मोडली, मशीन म्हणतं उघडत नाही, की धावले सगळे जावेच्या भावाकडे.

मूळचा तो गिरणीतला. आमचे हे आणि तो एकाच गिरणीत, एकाच खात्यात, सूतकताईच्या. चालत्या मशीनवर तुटलेला धागा बोटाने जोडायचा, मशीनला कळूसुद्धा द्यायचं नाही, हे त्याचं काम. मग संप झाला. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. लोक भाजी विकायला लागले, वॉचमन झाले, गावाला गेले, दारूत गेले. हा मात्र संपावरच राहिला. म्हणजे खरोखरचा. पंचवीस वर्षांनीसुद्धा कुणी विचारलं, "सध्या काय करता?" तर म्हणायचा, "संपावर आहे." समोरचा हसायचा. हा नाही हसायचा. "संप मागे घेतला असं मला कुणी येऊन सांगितलंय काय? नाय ना? मग?" जाऊ कपाळावर हात मारायची. "अरे मेल्या, गिरणीच्या जागी काचेची बिल्डिंग उभी राहिली, तू कोणाविरुद्ध संप करतोस?" तर म्हणे, "बिल्डिंगीचं मला काय सांगतेस? आधी साहेबाने बोलणी करावी."

बरं, संपाचे त्याचे नियम कडक. संपात जे मागच्या गेटाने, पोलिसांच्या गाडीतून चोरून कामावर गेले, त्यांच्या घरचा चहा तो घेत नसे. पाणीसुद्धा नाही. सख्खा चुलतभाऊ असाच आत गेलेला. त्याच्या मुलीच्या लग्नाला हा गेला, आहेर दिला आणि मंडपाच्या बाहेर रस्त्यावर उभं राहून अक्षता टाकल्या. अर्ध्या अक्षता टॅक्सीवाल्याच्या डोक्यावर. माझ्याकडे मात्र रोज चारच्या ठोक्याला चहाला यायचा. मी कप पुढे करायची आणि तो उचलेपर्यंत दुसरीकडे बघायची. का ते पुढे सांगते.

कॉम्प्युटर शिकला तो दादरला. एका क्लासात शिपाई म्हणून लागला होता. मास्तर फळ्यावर दाखवायचा, फी भरलेली पोरं खिडकीबाहेर बघायची आणि लादी पुसता पुसता शिकला तो हा. चार वर्षांनी क्लासाचं मशीन बिघडलं की मास्तरच हळूच विचारायचा, "जरा बघता का?" मग याने आमच्या चाळीत जिन्याखाली दोन हाताची जागा घेतली आणि पाटी लावली, 'गेलेली पत्रे परत मिळतील'. पहिल्या महिन्यात सगळे आले ते पोस्टाची तक्रार घेऊन. एक म्हातारा तर गावाहून न आलेली मनीऑर्डर मागत दोन तास बसून होता. याने त्याला चहा पाजला आणि पोस्टात सोबत गेला.

दुकानाची शिस्त खात्याची. चपला बाहेर. पंखा बंद, कारण खात्यात सुताला वारा लागू देत नसत. मशीनला कुठलं आलंय सूत? पण विचारायची सोय नव्हती. घाम पुसत उभं राहायचं. कोणी म्हणालं, "फाईल डिलीट झाली हो," तर हा ओरडायचा, "मशीन बंद कर! आता एक बटण दाबलंस तर माझ्याकडे येऊ नको!" मग मशीनवर तळहात ठेवून, डोळे मिटून ऐकत बसायचा. आधी सगळ्याची नक्कल काढायची, असल बाजूला ठेवायचं, त्याला हात लावायचा नाही, जे काय जोडकाम ते नकलेवर. मला एकदा समजावलं होतं. "वयनी, मेल पुसला म्हणजे जळला असा नाय. हजेरीपटातून नाव काढलं, एवढाच. माणूस खात्यातच उभा आहे. त्याची जागा दुसऱ्याला देईपर्यंत तो जात नाय. आमचं तसंच झालं ना?" मशीनवर इंग्रजी पाटी आली की वाचण्याआधीच म्हणायचा, "साहेब खोटं बोलतोय. गिरणी बंद झाली बोलायचा, होतं नुसतं कुलूप." आणि खरंच, साहेब खोटंच बोलत असायचा. पत्रं आत असायची.

पण परक्याचं पत्र कधी वाचलं नाही. पत्र उघडून दाखवायची वेळ आली की हा भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि पाठीमागे हात नेऊन माऊस, म्हणजे मशीनचा उंदीर, दाबायचा. गिऱ्हाइकाने सांगायचं, पुढचं, पुढचं. प्रभादेवीचा एक टायवाला आला होता, बायकोचे मेल काढून द्या म्हणून. याने त्याला विचारलं, "तिला सांगून आलास?" त्याने टाय सैल केला. "मग तिला घेऊन ये. ती म्हणाली तर काढतो." आता हे हळू बोलायचं की नाही? पण गिरणीत मशीनच्या गोंगाटावर बोलून बोलून याचा आवाज असा झालेला की गुपित सांगितलं तरी नाक्यावर कळायचं. चाळीच्या तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या. टायवाला गेला तो चपला विसरून. त्या कितीतरी दिवस दुकानाबाहेर होत्या, हा रोज पुसून ठेवायचा.

आता आमच्यावर काय आलं ते. गिरणी कामगारांच्या घरांचे अर्ज सुटले. आमचे हे जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती, पण वारसाला अर्ज करता येत होता. पुरावा पाहिजे, माणूस संपाच्या साली गिरणीत होता याचा. आमच्याकडे पास नाही, पगारचिठ्ठी नाही. पावसात पोटमाळा गळला तेव्हा सगळ्याचा लगदा झालेला. खोली भाड्याची, मालक पाडायला टपलेला. कागद नाही तर घर नाही, सरळ हिशेब. खात्याचा टाइमकीपर गावी कणकवलीकडे असतो असं कळलं. गिरणी बंद होताना त्याने हजेरीचं एक पुस्तक घरी नेलं होतं. त्याच्या पुतण्याने आमच्या पानाचा फोटो काढून वैशालीला मेल केला. वैशालीने ऑफिसातला जुना कॉम्प्युटर घरी आणलेला, त्यात तो आला. तिने मला नुसतं नाव दाखवलं, म्हणाली, "आई, आलं बघा, रविवारी छापून आणते." शनिवारी दुपारी वीज गेली, मशीन मध्येच बंद पडलं. लावलं तर म्हणतं, मेलची फाईल उघडत नाही. सात वर्षांचे मेल त्या एका फाईलीत. मेल या पेटीत उतरला की वर कंपनीकडे काही राहायचं नाही, तशी तिने सोय करून ठेवलेली. गावाला फोन लावला तर पुतण्याने फोटो नि मेल दोन्ही पाठवल्यावर पुसलेले, टाइमकीपर त्याच आठवड्यात वारलेला, आणि अडगळ म्हणून मुलाने ते पुस्तक बंबात घातलेलं. अर्जाला पंधरा दिवस उरले होते.

वैशालीने मशीन दादरच्या एका मोठ्या दुकानात नेलं. एसी दुकान. तिथला म्हणाला, "डेटा गेला, मॅडम. फॉर्मॅट मारू, नवीन होईल." मी म्हटलं, "बाबा, मला नवीन नको, जुनं पाहिजे." तो माझ्याकडे बघून हसला आणि वैशालीशी इंग्रजीत बोलायला लागला. तसंच टॅक्सीत घालून मशीन घरी आणलं. जावेच्या भावाने खबर ऐकली आणि माझ्यावरच ओरडला, "आधी माझ्याकडे यायला लाज वाटली काय गो? घरचा माणूस म्हणजे फुकटचा, त्याला काय कळतं?" मी म्हटलं, "चुकलं रे." मग निवळला.

आठ दिवस बसला. पत्रं निघाली, हजारांनी निघाली, पण कोणाच्या माथ्यावर नाव नाही, तारीख नाही, रांग नाही. संपानंतरचे कामगार बघा, तशी. हा भिंतीकडे तोंड करून, हात मागे. वैशाली वाचणार, मी शेजारी. आणि सगळ्यात धडधाकट निघाली ती कसली? तुम्हाला परदेशी लॉटरी लागली, बँकेचा नंबर पाठवा, अशी. ढिगाने. एकाचाही कानामात्रा मोडलेला नाही. जाऊ म्हणाली, "बघ, खोट्या लॉटरीला काय होत नाय. खरीला वीज जाते." वैशालीच्या लग्नाचे फोटो निघाले. सगळ्यांची डोकी ठीक, हार ठीक, पण कमरेखाली सगळं राखाडी. वैशाली हसून लोळली. "मामा, माझा नवरा अर्धाच आला हो!" हा भिंतीकडे बघूनच ओरडला, "अर्धा तरी आला ना? फोटो वरून खाली विणत येतो, कापडासारखा. सूत तुटलं की खालचं कोरं. आडवाच जाणार. उभा कधी जात नाय." असे पन्नास फोटो बघितले. सगळे खालूनच गेलेले. माझं शिक्षण चौथी, पण एवढं मला पाठ झालं.

आठव्या दिवशी गावचं पत्र सापडलं. मजकूर होता, फोटो उघडेना. हा म्हणाला, "फोटो जोडायचा तर बघावा लागतो, वयनी. बघू?" पहिल्यांदाच विचारलं त्याने असं. मी म्हटलं, "बघ." काय म्हणणार? नकलेची तबकडी, म्हणजे सीडी, घेऊन खाली दुकानात गेला.

दुसऱ्या दिवशी कागद छापूनच घेऊन आला. तेव्हा खोलीत आम्ही होतो, सुरुवातीला सांगितले ते. गिरणीचं नाव, खातं, महिना, खाली ओळीने तिकीट नंबर आणि नावं. सातवं नाव आमच्या ह्यांचं. वैशालीने मला मिठी मारली, जाऊ देवाला साखर ठेवायला उठली. मी कागदाकडे बघत राहिले. नावं वरपासून पार तळापर्यंत होती, एकही गेलेलं नाही. गेलं होतं ते नावांच्या उजवीकडचं, जिथे रोजच्या हजेरीच्या खुणा असतात. वरपासून खालपर्यंत पांढरं. उभं. कात्रीने कापावं तसं सरळ.

"एवढंच निघालं, वयनी," तो म्हणाला. आणि हळू म्हणाला. आयुष्यात त्याला हळू बोलताना मी तेव्हाच ऐकलं. "अर्जाला पुरे आहे."

आता सांगते. महिना संपातला होता. आमच्या ह्यांच्या नावापुढे त्या महिन्यात नऊ दिवस हजेरी आहे. मीच पाठवलं होतं. मुलगी होती आम्हाला, वैशालीच्या नवऱ्याच्या आधीची, अडीच वर्षांची. अंगात ताप, डबे रिकामे, वाणी दारात उभा करत नव्हता. मी म्हटलं, जा तुम्ही आत. ते नाही म्हणाले. मी परत म्हटलं. चाळीत सांगितलं, माझगावला गोदीत बदली कामगार म्हणून जातायत. नऊ दिवस मागच्या गेटाने गेले. दहाव्या दिवशी गेले नाहीत, कारण मग कशाला जायचं? पोर राहिली नाही. त्या दिवशी स्मशानात खड्डा खणायला पुढे होता तो हाच, जावेचा भाऊ. त्याला माहीत नव्हतं.

कचेरीत अर्ज घेतला. साहेबाने नाव बघितलं, नंबर बघितला, उजवीकडे काही का नाही ते विचारलंसुद्धा नाही. ज्याने आयुष्यभर मशीनच्या साहेबाला खोटारडा म्हटलं, त्याच्या खोट्यावर खरा साहेब निमूट शिक्का मारून मोकळा झाला. घराचा नंबर अजून लागायचाय, वाट बघतेय.

पण मला धाकधूक होती ती चार वाजताची. त्या दिवशी कागद देऊन तो चहा न घेता गेला होता. दुसऱ्या दिवशी मी कप केला आणि झाकून ठेवला. चार वाजले. सव्वाचार झाले. मी म्हटलं, संपलं, आता हा रस्त्यावरूनच अक्षता टाकणार. साडेचारला आला. बसला. भिंतीवरच्या फोटोकडे बराच वेळ बघितलं. मग कप उचलला, प्यायला, थंड झालेला. आणि नेहमीच्या आवाजात, तिसऱ्या मजल्याला ऐकू जाईल असं ओरडला, "वयनी, अजून अर्धा दे, गरम करून!"

तो विषय आम्ही दोघांनी कधीच काढला नाही. पुढे सहा वर्षं रोज चहा प्यायला. गेल्या गणपतीच्या आधी गेला. जाऊ रडत होती आणि त्याच रडण्यात तिने जिन्याखालचं सगळं सामान, मशीनं, डबे, तबकड्या, चाळीत आलेल्या भंगारवाल्याला देऊन टाकलं. मला कळलं तेव्हा तो गाडी घेऊन लालबागच्या दिशेला गेलेला.

वैशालीचं मशीन केव्हाच मोडीत गेलं, पण असल तो कधी फेकत नसे. पुरं पान त्या तबकड्यांत कुठेतरी असणार. त्याने ते माझ्यासाठी झाकलं, त्याचे उपकार आहेत. पण माझ्या पोरीचा फोटो नाही, जन्माचा दाखला नाही, तोही लगद्यात गेला. त्या नऊ खुणा ज्या नऊ दिवसांच्या, त्या दिवसांत ती जिवंत होती. दुसरा कागद माझ्याकडे नाही. तर वाचणाऱ्याला एवढंच सांगणं आहे. लालबाग-परळकडे कुणी जुन्या तबकड्या विकत घेतल्या असतील आणि त्यात गिरणीच्या हजेरीचं पान दिसलं, तर पुसू नका. छापून घोडपदेवला आणून द्या. उजव्या बाजूसकट.