फवारणीच्या विमानाची पाठ

विमानं जोडायचा नाद मला पन्नाशी उलटल्यावर लागला. पाय मोडून घरी बसले होते, तेव्हा नवऱ्याने वेळ जायला म्हणून एक खोकं आणून दिलं. आत बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या, कागद आणि गोंद. पाय बरा झाला, नाद राहिला. आता जळगावच्या आमच्या घरात पुढच्या खोलीच्या छताला तीन विमानं टांगलेली आहेत. पंखा लावला की तिन्ही जराशी डोलतात आणि भिंतीवरून त्यांच्या सावल्या हळूहळू जातात.

चौथं कोणतं करायचं, हे दिवाळीनंतर ठरत नव्हतं. दोन खोकी आणून ठेवली होती, दोन्ही मोठ्या मापाची. पंख जोडले की जेवणाचं टेबलही अपुरं पडेल एवढी. एकात होतं ग्लायडर, इंजिन नसलेलं, वाऱ्यावर तरंगणारं. दुसऱ्यात पिकांवर औषध फवारणारं विमान, एका माणसापुरतं, पंखांखाली लांब नळी असलेलं. घरात जागा एकाचीच होती.

माझं मन ग्लायडरकडे होतं. दुपारी त्याच्या जोडणीचा नकाशा पलंगावर पसरून मी शेजारी आडवी व्हायचे. डोळे मिटले की ते सातपुड्याच्या कडेने निघायचं. खाली केळीच्या बागा, मग काळं रान, मग भडगावजवळ गिरणेची वाळू. आवाज कसलाच नाही. मी त्यात बसलेली असायचे की खालून बघत असायचे, ते मला कधी कळलं नाही.

वडिलांना भेटायला धुळ्याला निघाले तेव्हा दोन्ही खोक्यांची झाकणं पिशवीत घातली. आबा माझ्या भावाकडे देवपुरात राहतात. त्यांना समोरचं दिसत नाही, मधोमध धुकं असतं, फक्त कडेकडेचं थोडं कळतं. तरी दर वेळी माझ्या विमानांचं विचारतात, "माय, आते काय करी राहिनी?"

झाकणांवरची चित्रं मी त्यांना वर्णन करून सांगितली. ग्लायडरचं ऐकून ते हसले. दुसऱ्याचं सांगताना मी नळीपाशी आले, तसे ते खाटेवर सरळ बसले.

"हाई इमान मी देखेल शे," ते म्हणाले.

मग जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांच्या लग्नाआधी नरडाण्याकडच्या कापसावर विमानाने फवारणी व्हायची. वैमानिकाची ओळ चुकू नये म्हणून शेताच्या टोकाला एक माणूस झेंडा धरून उभा करत. तो माणूस आबा. विमान झेंड्यावर रोखून खाली यायचं, डोक्यावरून जायचं, आणि आबा तोंडावर उपरणं ओढून पुढच्या ओळीसाठी बाजूला सरकायचे.

"भीती नव्हती वाटत?" मी विचारलं.

"पहिले वाटे. मंग वाट देखू. पण मी त्यानं पोटच देखेल शे. पाठ कधी देखीच नही."

परतताना बसमध्ये पारोळ्यापर्यंत दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. खिडकीला डोकं टेकून मी बघत होते, आणि कोणतं करायचं हा प्रश्न मनात नव्हताच. घरी गेल्यावर ग्लायडरचं खोकं कपाटावर ठेवलं आणि फवारणीच्या विमानाचं उघडलं.

सगळ्यात आधी उजवा पंख केला. आतल्या सांगाड्याची एकेक फासळी चिकटवली, वरून पातळ लाकूड मढवलं, घासून गुळगुळीत केलं. रंगवण्याआधीच तो जुन्या लुगड्यात गुंडाळून धुळ्याला नेला. बसमध्ये शेजारच्या बाईने मांडी आखडून त्याला जागा करून दिली. काय आहे ते विचारलं नाही.

आबांच्या मांडीवर पंख ठेवला. त्यांनी आधी खालची बाजू चाचपली. ती सपाट असते. मान हलवली, ही बाजू त्यांच्या ओळखीची होती. मग पंख उलटा केला आणि तळवा वरच्या बाजूवरून सावकाश टोकापर्यंत नेला. पुन्हा मागे आणला.

"गोल शे," ते म्हणाले.

"हो आबा. वरून फुगीरच असतो."

"मले फळीसारखा वाटे." त्यांचा हात फिरतच होता. "इतला गोल शे, आनि मी खाले उभा राहू."

रंग कोणता देऊ म्हणून विचारलं. पोट पांढरं होतं, एवढं त्यांना पक्कं आठवत होतं. पाठीचं कुणाला विचारणार?

"कापूसना फूलसारखा पिवळा कर," ते म्हणाले.

जेवण झाल्यावर मी पंख उचलायला गेले, तर वहिनीने खुणेनेच थांबवलं. आबा कुशीवर झोपले होते. पंख भिंतीच्या बाजूला आडवा होता आणि त्यांचा हात त्याच्या फुगीर पाठीवर होता. मी शेजारी खुर्ची ओढून बसले. उन्हं उतरेपर्यंत आम्ही त्यांना उठवलं नाही.