छाती आधी का पेटली

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. तुम्हाला का सांगतोय? — ठाऊक नाही. ऐका म्हणजे झालं.

इंग्रजांच्या अमदानीत मी नागपुरात डॉक्टरकीच्या शाळेत शरीररचना शिकवायचो. हृदयाच्या मांसाला रक्त पुरवणाऱ्या दोन मुख्य धमन्या असतात, डावी आणि उजवी. कुठल्या भागाला कोणती पोसते, याचा नकाशा काढायचं मला वेड लागलं होतं. डावीत शेंदूर घातलेलं पातळ मेण सोडायचं, उजवीत निळीचं. लाल झाला तो मुलूख डावीचा, निळा झाला तो उजवीचा. पण आमच्याकडे बेवारस मुडदे यायचे ते उन्हाने नासलेले. ताजं हृदय मिळणार कुठून?

मग एका मे महिन्यात गिरणीतला एक विणकर मागावरच कोसळला. पोलिसांनी चिरफाडीला पाठवला — माझ्याकडेच. दाराशी त्याची बायको उभी होती, सगुणाबाई.

"साहेब, आमच्या मालकाले पुरे वापस देजा," एवढंच म्हणाली. मी मान हलवली. हो, चांगली ठळक हलवली!

आणि हृदय काढून घेतलं. तिथेच मेण भरलं. लाल, निळं — आणि मागच्या बाजूला एक डाग कोराच राहिला. तिथे रंग पोचलाच नाही. माणूस कशाने गेला ते डोळ्यांपुढे होतं. मला काय वाटलं, सांगू? आनंद झाला. त्या भरात छातीच्या पोकळीत हाताला आला तो कापूस कोंबला आणि टाके घातले. मेण पातळ करायच्या टर्पेंटाइनने तो भिजलेला होता, हे ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मयताचा धाकटा भाऊ आला. मागे सगुणाबाई.

"साहेब, छाती त आखरीले जळते ना? आमच्या दादाची आधीच काहून पेटली?"

तेव्हा तरी बोलायचं होतं — नव्हतं का? मी म्हणालो, ज्याचं मन निर्मळ त्याची छाती आधी पेटते. वेळ मारून नेली. डॉक्टरच सांगतो म्हटल्यावर शंका कोण घेणार? सगुणाबाई पदर डोळ्यांना लावून रडली, आणि रडता रडता तिचा चेहरा उजळला. माझी मात्र झोप गेली ती गेलीच. अजून कुठे चितेचा धूर दिसला की मी रस्ता बदलतो.

पुढे दरवर्षी नवऱ्याच्या तिथीला ती शाळेत यायची. सोबत कधी सून, कधी नातवंड. त्यांना सांगायची, "यायनंच सांगतलं, आमचे मालक मनानं निर्मळ होते म्हून." माझ्या पाठीमागच्या कपाटात, बरणीत, ते हृदय होतं — त्याच्यावरच मी मुलांना शिकवायचो.

ती वाकून माझ्या पायांना हात लावायची. मी एकदाही पाय मागे घेतले नाहीत.