सुली आत्याचं ग्राफिक्स कार्ड

आमच्या मार्गासनी गावात गेमिंगचा कॉम्प्युटर एकाच घरात आहे, आमच्या. कॉलेजात सांगितलं की सगळे म्हणतात तुझ्या भावाचा असेल. भावाचा नाही. आत्याचा आहे. सुलक्षणा आत्या, घरात सगळे सुली म्हणतात, वय छत्तीस, आणि तो तिनं एकेक भाग घेऊन स्वतः जोडलाय.

आत्या सासरहून कायमची परत आली तेव्हा मी पाचवीत होते. का आली ते घरात कुणी नीट सांगत नाही. आली, आणि मागच्या बाजूची भाताची पोती ठेवायची खोली तिला मिळाली. पोती अजून तिथंच आहेत, तिची कॉट पोत्यांना लागून. वेल्ह्याला तहसील कचेरीसमोर सावळारामकाकांचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथं ती कामाला जाते. सातबारा काढून देणं, लोकांचे अर्ज भरणं, स्टॅम्पपेपरवरचा मजकूर टाइप करणं. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळच्या एसटीनं यायचं. घरात तिच्याशी कुणी वाईट वागत नाही हां, हे आधीच सांगते. फक्त कुणी बोलत नाही. म्हणजे बोलतात, पण काय, तर नळाला पाणी आलं का, कुकर बंद कर, एसटी वेळेत होती का. बस एवढंच. माणूस एवढ्यावर कसा जगतो मला कळत नाही.

तिला एकच मैत्रीण होती, जळगावची शेफाली. दोघी कधी भेटलेल्या नाहीत. मोबाईलवर तो विमानातून बेटावर उड्या मारून लढायचा गेम असतो ना, त्यात कधीतरी दोघींची जोडी लागली आणि मग रोजचं झालं. संध्याकाळी भांडी झाली की आत्या कानाला हेडफोन लावून खोलीत जायची आणि भिंतीपलीकडून तिचं हसणं ऐकू यायचं. लढाई कमी, गप्पाच जास्त. शेफालीच्या सासूनं भाजीत मीठच घातलं नाही, सावळारामकाकांनी कुणाचातरी आधार नंबर चुकवला, असलं सगळं. मध्येच "मागं बघ, मागं बघ" आणि परत सासू. मला तर वाटतं घरात आत्याचा खरा आवाज तेवढ्या वेळातच असायचा.

मग शेफालीच्या नवऱ्यानं तिला कॉम्प्युटर घेऊन दिला आणि ती तोच गेम कॉम्प्युटरवर खेळायला लागली. त्यात मोबाईलवाल्यांना कॉम्प्युटरवाल्यांबरोबर खेळता येत नाही. शेफाली म्हणाली, ताई, तू पण घे ना, मग परत आपण दोघी. तिनं आपलं सहज म्हटलं असणार. आत्यानं मात्र मनावर घेतलं.

मग सुरू झालं भाव काढणं. पुण्यातल्या दुकानदारांना ती व्हॉट्सअ‍ॅपवर विचारायची, ते तिला "सर" म्हणायचे. मी म्हटलं सांग की त्यांना बाई आहेस म्हणून. तर म्हणाली, "सर म्हटलं की भाव नीट सांगत्यात. असू दे." भाकरी थापता थापता ती मला समजावून सांगायची. सगळे पैसे प्रोसेसरवर घालायचे आणि पॉवर सप्लाय हलका घ्यायचा, हा शहाणपणा पुण्यात चालतो. आपल्याकडची लाइट एकदा जाऊन दणक्यानं आली की हलका पॉवर सप्लाय जाणार आणि जाताना बाकीच्यांना घेऊन जाणार. म्हणून पॉवर सप्लाय भारी घेतला, आणि डबा, म्हणजे कॅबिनेट, सगळ्यात साधा, बारका, बिनलाइटीचा. मदरबोर्ड मधल्या भावाचा. रॅमचा भाव उतरेल म्हणून थांबली, तर तो चढतच गेला, दुपटीच्या वर. शेवटी दोन पट्ट्यांऐवजी एकच घेतली.

कुरिअरवाला आमच्याकडं वर येतो कधी, नाही कधी. म्हणून पार्सल खाली हायवेवरच्या कापूरहोळला सोनबाकाकांच्या पंक्चरच्या दुकानात उतरायचं. भोरहून कॉलेज सुटलं की येताना मी घ्यायचे. मदरबोर्ड मी आणलाय, एसटीत मांडीवर धरून, प्रत्येक खड्ड्याला वर उचलून. सोनबाकाका दर वेळी खोकं हलवून बघायचे आणि म्हणायचे, "तुझी आत्या रॉकेट बांधतीय का काय? आमालापण बसवा की त्यात."

पण आत्याकडून एक गोष्ट चुकली. प्रोसेसर दोन प्रकारचे असतात. एकात चित्र दाखवायची सोय आतच असते. दुसऱ्यात नसते, तो जरा स्वस्त असतो, पण त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काहीच येत नाही. आत्यानं स्वस्तातला घेतला, कारण कार्ड तर घ्यायचंच होतं. पण कार्डासाठी बाजूला काढलेले पैसे रॅममध्ये गेले. म्हणजे झालं असं, की कॉम्प्युटर पूर्ण जोडून तयार, फक्त आंधळा. रोज संध्याकाळी ती बटण दाबायची, पंखे फिरायचे, स्क्रीन काळा. थोडा वेळ समोर बसायची आणि बंद करायची.

मी विचारलं एकदा, मग चालू कशाला करतेस.

"जिवंत हाय का बघते," म्हणाली.

तोवर शेफालीचे मेसेज कमी व्हायला लागले होते. आधी रोज, मग कधीतरी, मग नुसतं सकाळचं फुलांचं चित्र. आत्या त्या फुलांना पण उत्तर द्यायची.

आणि मग ते डोंगराकडच्या रानाचं निघालं. ते रान आजोबांचं. आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर दोन नावं लागली, पप्पांचं आणि आत्याचं. पुण्याच्या एका पार्टीला तिथं फार्महाऊस बांधायचंय, भाव असा सांगितला की मम्मीनं दोनदा विचारून घेतला. पण पार्टीला एकाच नावावर व्यवहार पाहिजे, म्हणजे आत्याचं हक्कसोडपत्र पाहिजे. आमच्याकडं हे घरोघरी होतं. बहीण लिहून देते की बापाच्या जमिनीतला माझा वाटा मी भावाला सोडला, काही न घेता. भाऊ साडी घेतो, गोडाचं जेवण घालतो, झालं. आत्या हाच मजकूर दुकानात लोकांना टाइप करून देते.

पप्पांना विचारायला जड जात होतं. ते काही वाईट नाहीत, खरंच नाहीत, नुसते तिच्यासमोर आले की चप्पल शोधायला लागायचे. शेवटी जेवताना मम्मीच म्हणाली, विचारा की, पार्टी काय थांबायची न्हाई.

पप्पा ताटात बघत म्हणाले, "सुले, त्या डोंगराकडच्या रानाला तुझी सही लागंल. तुला काय पायजे ते सांग. सांग मोकळ्या मनानं."

मला वाटलं आता आत्या वाट्याचं बोलणार.

"एक कार्ड पायजे," आत्या म्हणाली.

"कसलं कार्ड?"

"कॉम्प्युटरचं. पस्तीस हजारापर्यंत येतंय."

पप्पांनी मम्मीकडं बघितलं. मम्मीनं पप्पांकडं. आणि पप्पा हसले, अगदी मनापासून, किती दिवसांनी. "एवढंच व्हय?" म्हणाले. ते "एवढंच" अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

जेवण झाल्यावर मी तिच्या खोलीत गेले आणि भांडलेच. तुझ्या वाट्याचे किती लाख होतात माहितीये का तुला, तू पुण्यात खोली घेऊ शकतेस, दहा कॉम्प्युटर घेऊ शकतेस, तू रोज हेच कागद करतेस आणि तुला कळत नाही का. रडायलाच आलं मला बोलता बोलता. ती पोत्याला टेकून शांत ऐकत होती.

"शिवे, वाटा मागितला तर मिळंल की," ती म्हणाली. "न्हाई कोण म्हणतंय. पण वाटा घेतलेली बहीण परत त्याच घरात नांदलेली म्या अजून बघितली न्हाई. आणि पुण्यात खोली घेऊन बोलू कुणाशी? भिंतीशी? हितं निदान कुकर बंद कर म्हणायला तरी कुणी हाय."

मी डोळे पुसले आणि भांडी घासायला गेले.

हक्कसोडाचा कागद तिनं स्वतःच टाइप केला. सावळारामकाका म्हणाले, राहू दे पोरी, तुझा तू नको करू, मी करतो. तर म्हणाली, तुमच्या लई चुका होत्यात. कचेरीत साहेबांनी विचारलं, स्वखुशीनं देताय ना, कुणाचा दबाव नाही ना. "न्हाई," म्हणाली, आणि सही केली. फोटो काढताना पदर नीट केला.

कार्ड आणायला पप्पा स्वतः पुण्याला गेले. कॅबिनेट बारका, त्यात लांब कार्ड बसत नाही, आणि आकडे सांगितले तर पप्पा विसरणार. म्हणून आत्यानं कॅबिनेटच्या आत सुतळी धरली, लांबी मापली, तेवढी कापली आणि पप्पांच्या खिशात दिली. यापेक्षा लांब घेऊ नका म्हणाली. पप्पांनी दुकानात खरंच सुतळी लावून चारपाच कार्डं मापली. दुकानातली पोरं हसली म्हणे, पप्पांना त्याचं काही नाही. टॉवेलात गुंडाळून आणलं, आणि आत्यानं कार्ड बसवलं तेव्हा दारात उभे राहून म्हणाले, बसलं का गं, बरोबर बसलं का. मम्मीनं त्या दिवशी शेवयांची खीर केली. आत्याला दोनदा वाढली.

स्क्रीन लागला. आत्या हसली आणि लगेच डोळे पुसले. गेम मोबाईलच्या नेटवरून उतरायला कितीतरी दिवस लागले. उतरल्या उतरल्या तिनं शेफालीला फोन लावला, मी शेजारीच होते. शेफालीला खरंच आनंद झाला, ओरडलीच ती. ताई, भारी केलंस, कधी घेतलास, सांगितलं पण नाहीस. मग जरा थांबून म्हणाली की आता त्यांची चौघांची टीम आहे, जळगावातलीच, रोज ठरलेली, स्पर्धा पण खेळतात. टीममध्ये चारच जण चालतात. कुणी आलं नाही की ताई तुलाच पहिलं बोलावणार, नक्की.

"बोलीव की," आत्या म्हणाली. "मी हायेच."

आता ती रोज संध्याकाळी कॉम्प्युटर लावते आणि हेडफोन घालून बसते. शेफालीच्या नावापुढं हिरवा ठिपका असतो, ती खेळत असते. आत्या अनोळखी लोकांबरोबर एखादा डाव खेळते, त्यात कुणी हिंदीत शिव्या देतं, मग ती माईक बंद करते. नाहीतर सरावाच्या मैदानात जाते. तिथं दुसरं कुणीच नसतं. नुसती इकडून तिकडं चालत राहते.

मागच्या रविवारी दुपारी जेवताना फोन वाजला. शेफालीचा एक भिडू लग्नाला गेला होता. आत्या अर्धी भाकरी टाकून पळाली. मी पण मागून गेले. काय खेळत होती ती, बापरे. शेफाली "ताई, मागं बघ" म्हणत होती आणि आत्या हसत होती, तोच भिंतीपलीकडचा आवाज, मी तो पहिल्यांदाच समोर बसून ऐकला. सासूचं चाललं होतं, सावळारामकाकांचं चाललं होतं. आणि लाइट गेली.

आत्या हेडफोन न काढता तशीच बसून राहिली. लाइट आली तेव्हा ऊन कलायला आलं होतं. पॉवर सप्लायला काही झालं नाही, तिनं सगळं तपासलं. शेफालीचा हिरवा ठिपका गेलेला.

मला राहवलं नाही. मी विचारलं, आत्या, एवढ्यासाठी तू रान दिलंस?

तिनं कॉम्प्युटरवरची धूळ पदरानं पुसली. "नुसता मोबाईल होता तवा शेवटी शेवटी फुलांचं चित्रच येत होतं," म्हणाली. "आता कधीतरी हाक तरी येती."

मी बाहेर आले. डोंगराकडच्या रानात पार्टीची माणसं फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारत होती आणि पप्पा त्यांना बांध कुठून कुठपर्यंत आहे ते हात करून दाखवत होते. आतून परत कॉम्प्युटरच्या पंख्यांचा आवाज सुरू झाला.