चौथ्या दिवशीच कळलं, ट्रक कोण भरतो

मंडळी, ट्रान्सपोर्ट कंपनीत नोकरीला लागून आज मला चार दिवस झाले.

सकाळी आमच्या मॅनेजरसाहेबांनी यादी बघून ट्रक भरायला लावला. आधी पहिल्या थांब्याचा, म्हणजे मलकपेठचा माल, त्यावर पुढच्या आबिड्सचा. हमाल मोईनचाचा म्हणाले, "साब, पैले उतरना सो माल आखिर में चढ़ाते."

"मैं एमबीए हूँ, मेरे को मत सिखाओ," साहेब म्हणाले.

नांदेडला निघताना माझी आईसुद्धा प्रवासातला डबा बॅगेत सगळ्यात वर ठेवते!

मलकपेठला आबिड्सचा सगळा माल भर रस्त्यात उतरवावा लागला. संध्याकाळी साहेब मला म्हणाले, "रिपोर्ट में हमालों की गलती लिखो."

मी साहेबांचंच नाव लिहिलं. त्यांनी नेहमीसारखी न वाचताच सही ठोकली.

रिपोर्ट हेड ऑफिसला गेलाय. बोला, उद्या कोणाची नोकरी जाईल?